ऊन मी म्हणत असताना ट्रेलवर: मित्रांसोबतच्या पहिल्या लांब धावेची तयारी

रस्त्यावर दीड-दोन तास सहज धावणारी मंडळी जेव्हा भर उन्हाळ्यात तीन-चार तासांच्या ट्रेलचा, म्हणजे डोंगर-रानातल्या कच्च्या वाटेवरच्या धावेचा बेत आखतात, तेव्हा चर्चा बहुतेक वेळा बूट, बॅग आणि किलोमीटर यांचीच होते. माझ्या मते पहिली चर्चा वेगळी हवी: कोणाचं काही बिनसलं तर 'आता परत' असं कोण म्हणणार, आणि म्हटल्यावर बाकीचे ऐकणार का? ऊन लागलेल्या माणसाला आपलं काय होतंय ते नीट कळत नाही, शेजारून धावणाऱ्याला मात्र दिसतं. सोबतीचा मोठा उपयोग हाच आहे, गप्पा नंतर. पुढची सगळी तयारी या गोष्टीभोवतीच बांधली आहे.

आधी अंगात काय चालतं ते

धावताना स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात, तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. ती बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळतं आणि घाम सुटतो. घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. थेंब थेंब गळून जमिनीवर पडला, तर पाणी तेवढं गेलं आणि थंडावा काहीच मिळाला नाही. म्हणूनच दमट हवेतले ३३ अंश कोरड्या हवेतल्या ४० अंशांपेक्षा जास्त छळू शकतात. आणि हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, तापली की वारासुद्धा अंगात उष्णता भरतो. मग सुटका एकट्या घामाच्या जोरावर.

हवामानाच्या अंदाजातला आकडा सावलीतल्या तापमानाचा असतो, हे लक्षात ठेवा. उघड्या खडकावर, वाळूवर, वारा अडलेल्या घळीत परिस्थिती त्याहून बरीच वाईट असते. खेळाडू आणि सैनिक यांच्यासाठी 'वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर' हे वेगळं माप वापरतात. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैनिकांना प्रशिक्षणात उष्माघात होऊ लागले, त्यातून ते तयार झालं. त्यात ७० टक्के वजन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला आणि फक्त १० टक्के साध्या तापमानाला असतं. दमटपणाला किती मान द्यावा लागतो ते यावरून कळेल. हा आकडा २८ अंशांच्या वर गेला की लांब पल्ल्याच्या शर्यती रद्द करण्याचा विचार सुरू होतो. पहिल्याच वेळी तुम्ही त्याच्या पुढे जाण्याचं काही कारण नाही.

तीन आठवडे आधी: अंगाला ऊन सरावू द्या

एसीत बसून, पहाटेच्या गारव्यात सराव करून थेट दुपारच्या ट्रेलवर जाणं हा सगळ्यात धोकादायक मार्ग. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला द्रव वाढतो आणि त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी होऊ लागतात. पुढच्या आठवड्यात घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं.

सुरुवात २०-२५ मिनिटांच्या अगदी हळू धावेने करा, ऊन उतरणीला लागलं असताना. दर दिवशी थोडं वाढवत तास-सव्वातासापर्यंत या. या दिवसांत वेगाचा विचारच नको, घड्याळावरचा तो आकडा झाकून ठेवलात तरी चालेल. मूळ धावेच्या आधीचे दोन-तीन दिवस सराव हलका करा. पण पूर्ण आठवडाभर उन्हापासून लांब राहिलात तर कमावलेलं ओसरू लागतं, आणि तीन-चार आठवड्यांत जवळपास सगळं जातं. मागच्या उन्हाळ्यातला सराव या उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही.

याच काळात घाम मोजून घ्या. लघवीला जाऊन, कपडे काढून वजन करा. एक तास उन्हात धावा, किती पाणी प्यायलात ते लक्षात ठेवा. परत येऊन अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा आधी ६२ किलो होतं, नंतर ६१.२ भरलं आणि मध्ये ४०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर ८०० अधिक ४००, म्हणजे तासाला १.२ लिटर घाम. माणसामाणसांत इथे प्रचंड फरक असतो. कोणाचा अर्धा लिटर जातो, कोणाचा दोनच्या वर. म्हणून मित्राने किती पाणी घेतलंय ते बघून आपलं ठरवू नका. टोपीवर, बनियनवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे, तेही टिपून ठेवा.

कोणी यावं, कोणी येऊ नये

चौघं-पाचजण हा आकडा मला सोयीचा वाटतो. एकजण आजारी पडला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि दोघांनी मदत आणायला जायचं, हे गणित चारशिवाय बसत नाही. दहाबाराजण झाले की जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

ताप, जुलाब, उलट्या, रात्रीचं जागरण किंवा आदल्या दिवशीचं मद्यपान यातलं काहीही असेल तर त्या दिवशी घरी थांबायचं. पूर्वी उष्माघात झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नये. रक्तदाबावरची काही औषधं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही ॲलर्जीच्या आणि मानसोपचाराच्या गोळ्या घाम किंवा नाडी यांच्यावर परिणाम करतात. घेत असाल तर आधी विचारा आणि सोबतच्या निदान एकाला सांगून ठेवा. दुखणं दाबायला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन पळू नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

कुत्र्याला नेऊ नका. तो मालकाच्या मागे कोसळेपर्यंत येत राहतो आणि त्याला जवळपास घामच येत नाही.

मार्ग निवडताना

नवख्यांनी फेरी मारावी तर छोट्या वर्तुळांची. पाच-सहा किलोमीटरचं वर्तुळ दोन-तीनदा, दर वेळी गाडीजवळून किंवा पाण्याजवळून जाणारं. कंटाळवाणं वाटेल, पण कोणालाही कधीही थांबता येतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा देखणा मार्ग दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

आधी उतार आणि मग चढ असलेली दरीतली वाट उन्हाळ्यात फसवते. सकाळच्या गारव्यात झपझप खाली उतरता, आणि ऊन डोक्यावर आल्यावर सगळा चढ समोर उभा राहतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये नेमकं हेच होतं, आणि म्हणून तिथले रेंजर उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात दरीच्या आतल्या भागात चालूसुद्धा नका असं सांगतात. तुमच्या वाटेला हाच नियम लावा. दिवसातला सगळ्यात तापलेला वेळ बाराचा नसतो, तो साधारण तीन-चारचा असतो, त्यामुळे 'दुपार टळली, निघू या' हा हिशेबही चुकतो. पहाटे फटफटण्याआधी हेडलॅम्प लावून निघा आणि दहाच्या आत परत या. अत्युष्ण दिवशी लांब धाव सुरक्षितपणे करण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

नकाशावर चार गोष्टी शोधा: सावलीचे टप्पे, पाण्याच्या जागा, मध्येच बाहेर पडायच्या वाटा आणि फोनला रेंज असलेली ठिकाणं. नकाशातल्या निळ्या रेषेवर विश्वास ठेवू नका. कडक उन्हाळ्यात ओढा आटलेला असू शकतो, त्यामुळे त्याच आठवड्यात कोणी पाहून आलेलं पाणीच हिशेबात धरा, आणि तेही गाळून किंवा शुद्ध करूनच प्यायचं. उंचीवर जाता येत असेल तर जा. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते.

किती वेळ लागेल हे सांगताना रस्त्यावरच्या तुमच्या वेगाने भागाकार करू नका. चढ, दगड आणि ऊन मिळून नवख्याला दुप्पट वेळ सहज लागतो. अंतर विसरा, वेळ ठरवा. आणि परत फिरायची वेळ निघण्याआधी पक्की करा: 'आठ वाजता जिथे असू तिथून मागे.' ती वेळ घरी असलेल्या एकाला कळवा, मार्गाची फाईल पाठवा, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला सांगायचं तेही ठरवून द्या.

पाणी, मीठ, खाणं

पोट तासाला सुमारे लिटरभर पाणी पुढे ढकलतं, ऊन आणि धाव यात त्याहूनही कमी. म्हणजे घाम दोन लिटर जात असेल तर तो सगळा पिऊन भरून निघणार नाही, वेग कमी करून घामच कमी करावा लागेल. बहुतेकांना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. तहानेप्रमाणे प्या, थोडं थोडं, पण न विसरता. चार तासांच्या बेताला प्रत्येकाच्या पाठीवर निदान अडीच-तीन लिटर हवं, आणि वर एक लिटर फक्त अंगावर ओतायला किंवा अडचणीत सापडलेल्याला द्यायला. एवढं वजन नको वाटत असेल तर वाटेवर आधी पाणी ठेवून या किंवा मार्ग छोटा करा. तिसरा पर्याय नाही.

जास्त पिणंही घातक असतं. तहान नसताना लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम घसरतं, लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्रास सुरू होतो. बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, मळमळतं, आणि वाढलं तर माणूस भ्रमिष्टासारखं वागू लागतो. धावून आल्यावर वजन वाढलेलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात, इतकं ते सोपं आहे.

घामाच्या लिटरमागे २०० मिलिग्रॅमपासून २ ग्रॅमपर्यंत सोडियम जातं, म्हणून एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत क्षारांचं पाणी अशी विभागणी बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला २.६ ग्रॅम मीठ असतं. बाजारातल्या बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये याहून बरंच कमी असतं, पण साखर बऱ्यापैकी असते आणि चव पुढे पुढे प्यावीशी वाटते. उच्च रक्तदाब असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.

खाण्याचं सूत्र तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. उन्हात रक्त त्वचेकडे गेलेलं असल्याने पोट रुसतं, त्यामुळे कोरडं, तेलकट, चघळत बसावं लागेल असं काही नको. जे काही न्याल ते सरावाच्या दिवसांत खाऊन पाहिलेलं असावं. पोट ढवळू लागलं तर जबरदस्तीने गिळू नका. वेग उतरवा, सावलीत चाला, घोट घोट पाणी घ्या, बहुतेक वेळा दहा मिनिटांत गाडी रुळावर येते.

अंगावर आणि पाठीवर

फिक्या रंगाचे, सैल, पातळ कपडे. मानेवर पडदा असलेली टोपी, गॉगल, दर दोन तासांनी सनस्क्रीन. मांड्या, काखा, छातीच्या पट्ट्याखाली आणि पायाच्या बोटांमध्ये व्हॅसलीन भरपूर लावा, कारण मिठाने भरलेलं ओलं कापड फार काचतं. गळ्यात बांधायला एक मोठा रुमाल घ्या, तो भिजवत राहायचा.

एक सॉफ्ट फ्लास्क, म्हणजे मऊ प्लास्टिकची बाटली, आदल्या रात्री अर्धी भरून, आडवी ठेवून गोठवा आणि सकाळी वरून पाणी भरा. नळीवाली बॅग असेल तर प्यायल्यावर नळीत उलटी फुंकर मारा, नाहीतर पुढचा घोट चहासारखा गरम येतो. फोन उन्हात तापून बंद पडतो, तेव्हा तो बॅगेत आत, कपड्यात गुंडाळून, विमान मोडवर ठेवा. नकाशा आधीच उतरवलेला असू दे, दोघांच्या फोनमध्ये. शिट्टी, छोटी पट्टी-मलम पेटी, आणि सगळ्यांत मिळून एक हलकी ताडपत्री. ती कशासाठी ते पुढे येईल.

वाटेवर

पहिला अर्धा तास सगळ्यांना हळू वाटला पाहिजे. सर्वांत हळू धावणारा पुढे, अनुभवी माणूस सगळ्यात मागे. प्रत्येक फाट्यावर सगळे जमेपर्यंत थांबायचं. शेवटचा येऊन टेकताच बाकीच्यांनी पळ काढायचा, ही सवय मोडा. त्याच्या वाट्याला विश्रांती येतच नाही आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात तापलेला असतो.

चढ चालायचे. चढावर अंग सगळ्यात जास्त उष्णता तयार करतं आणि वेग कमी असल्याने वारा सगळ्यात कमी लागतो. पाठीमागून वारा असेल तरीही तेच. उन्हात एकाच वेगाला नाडी हळूहळू वर सरकत जाते, म्हणून घड्याळातल्या वेगापेक्षा जिभेवर विसंबा: पूर्ण वाक्य न तुटता बोलता येत असेल तर ठीक, शब्द तुटायला लागले की चाला. पाणी दिसलं की टोपी, रुमाल, बाह्या भिजवा. दमट हवेत भिजवण्याचा उपयोग कमी होतो, तिथे थांबून वारा घालणं आणि सावली जास्त कामाची.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी सावली बघून दोन मिनिटं थांबा आणि एकमेकांची विचारपूस करा. 'बरा आहेस ना?' असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, 'हो, मस्त!', आणि नवखा तर ते हमखास देतो, कारण त्याला कोणाची धाव बिघडवायची नसते. त्याऐवजी असं विचारा ज्याला विचार करून उत्तर द्यावं लागेल. मागच्या फाट्यावर आपण कुठे वळलो? तुझ्याकडे किती पाणी उरलंय? शेवटची लघवी कधी? उत्तर उशिरा आलं, चुकीचं आलं, किंवा माणूस विनाकारण चिडला, तर समजा की धाव तिथे संपली.

हा निर्णय त्याच्यावर का सोडायचा नाही, ते इंग्लंडचा मॅरेथॉनपटू जिम पीटर्स याच्या धावेतून कळतं. ऑगस्ट १९५४, व्हँकुव्हर, राष्ट्रकुल स्पर्धेची मॅरेथॉन. कडक ऊन होतं. पीटर्स दुसऱ्या क्रमांकापेक्षा सुमारे १७ मिनिटं पुढे राहून स्टेडियममध्ये शिरला. तो निवांत चालत गेला असता तरी जिंकला असता. पण तो तोल जात, पडत, उठत पुढे सरकत राहिला. दोनशे मीटरना ११ मिनिटं लागली आणि शेवटी त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. शर्यत पूर्ण झाली नाही आणि तो पुन्हा कधी स्पर्धेत उतरला नाही. अनुभवी धावपटूचं असं होतं, तर पहिल्यांदा आलेल्या मित्राकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

म्हणून निघण्याआधीच एक नियम ठरवा: कोणीही, कधीही, कारण न देता 'मागे' म्हणू शकतो, आणि म्हटल्यावर सगळे फिरतात. त्यावर चेष्टा नाही, नंतरच्या गप्पांतही नाही. कोणालाही एकटं मागे पाठवायचं नाही, 'तू हो पुढे, मी येतो' हेही चालणार नाही. आणि अर्धं पाणी संपलं असेल पण पुढच्या पाण्याची खात्री नसेल, तर कोणाला काही होत नसलं तरी फिरा.

कोणी बिघडलं तर

पायात गोळे आले तर थांबा, ताणा, क्षारांचं पाणी द्या. डोकं जड, चक्कर, मळमळ, अशक्तपणा, पण बोलणं सुसंगत: हा उष्णतेचा थकवा. सावलीत झोपवा, पाय उंच, बॅग आणि जादा कपडे काढा, पाणी शिंपडून वारा घाला, शुद्धीत असल्याने घोट घोट प्यायला द्या. अर्ध्या तासात ठणठणीत वाटलं तरी त्या दिवशी पुढे धावायचं नाही, जवळच्या वाटेने चालत बाहेर.

बरळणं, भलतीकडे चालत जाणं, विचित्र वागणं, झटके, शुद्ध हरपणं: हा उष्माघात. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, धावताना झालेल्या उष्माघातात माणूस बऱ्याचदा घामाने निथळत असतो. कपाळाला हात लावूनही काही कळत नाही. इथे एकच क्रम: आधी थंड करा, मग हलवा. अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आलं तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते, आणि गाडीपर्यंत उचलून नेण्यात तीच वेळ जाते.

एकाने फोन लावायला रेंजकडे निघावं, शक्य तर दोघांनी. जागेचे अक्षांश-रेखांश लिहून न्यायचे. आपत्कालीन क्रमांक आधीच पाठ असावा. बाकीच्यांनी जवळ पाणी असेल तर त्याला मानेपर्यंत पाण्यात धरून ठेवावं, डोकं सतत वर. पाणी थोडंच असेल तर ताडपत्री झोळीसारखी धरा, त्यात त्याला झोपवा, असेल ते सगळं पाणी ओता आणि ढवळत राहा. तेही नसेल तर कपडे काढून, ओली फडकी अंगावर बदलत राहा आणि जोरात वारा घाला. गोठवलेली बाटली मानेला, काखेत, जांघेत. भान हरपलेल्याला तोंडाने पाणी पाजू नका, ठसका लागून ते श्वासात जाईल. कुशीवर वळवा, श्वासाकडे लक्ष ठेवा. नीट भान येईपर्यंत किंवा थंडीने कुडकुडेपर्यंत हे चालू ठेवायचं. नंतर तो 'आता बरं आहे' म्हणाला तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण यकृत आणि मूत्रपिंडांवरचा परिणाम नंतर दिसतो.

गोंधळलेला माणूस भरपूर साधं पाणी प्यायलेला असेल, बोटं सुजलेली असतील आणि अंग फार तापलेलं नसेल, तर सोडियम घसरल्याचा संशय घ्या. त्याला आणखी पाणी देऊ नका आणि मदत बोलवा.

परत आल्यावर

घटलेल्या दर किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, सोबत खारट काहीतरी. एका दमात नाही. चक्कर असेपर्यंत कोणी गाडी चालवायची नाही. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडलंय. ती कोकाकोलासारखी तपकिरी झाली आणि स्नायू फार दुखत असतील, तर लगेच डॉक्टरांकडे, कारण तुटलेल्या स्नायूंचा माल मूत्रपिंडात अडकत असू शकतो.

रात्री सगळ्यांनी एकमेकांना एकदा फोन करा, मेसेज नको. आवाजावरून बरंच कळतं. ज्याला उष्माघात झाला त्याने निदान आठवडाभर कोणताही व्यायाम करायचा नाही, आणि पुन्हा उन्हात उतरायचं ते डॉक्टरांनी रक्ताच्या चाचण्या पाहून होकार दिल्यावर, पुन्हा वीस मिनिटांपासून सुरुवात करून.